ड्रायव्हरच्या मागच्या सीटवरच्या गयाबाई

गयाबाईंशी माझी ओळख भांडणानं झाली.

बँकेनं माझी बदली अमरावतीहून अकोल्याला केली होती. ओळखीचं कुणी नव्हतं. शाखेतल्या एका बाईंनी सांगितलं की इंगळे सर नावाचे एक निवृत्त शिक्षक आहेत, ते महिन्यातल्या एका रविवारी तीस-पस्तीस जणांना घेऊन कुठली तरी जुनी वास्तू दाखवायला नेतात. किल्ला, मशीद, एखाद्या जमीनदाराची कोठी. सकाळी निघायचं, दिवे लागायच्या आत घरी. मी नाव दिलं. पहिल्या रविवारी वेळेच्या आधीच पोचले आणि मिनी बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची, खिडकीची सीट धरली.

थोड्या वेळानं एक साठीची बाई चढली. हिरवं लुगडं, पायात रबरी चपला, खांद्याला भाजीची जड पिशवी. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "उठा."

"का?"

"ते जागा माही हाय."

"नाव लिहिलंय का तुमचं?"

"मले वाचता येत नाही. तुमीच पाहा, लिवलं असन तं."

मागचे लोक हसले. मी हट्टानं बसून राहिले. तेवढ्यात खाली यादी तपासत असलेले इंगळे सर धावत वर आले. सत्तरीला टेकलेला, उंच, किडकिडीत माणूस. "मॅडम, तुम्ही इकडे बसा. विनंती करतो," ते म्हणाले. इतक्या साध्या गोष्टीला त्यांचा आवाज इतका घाबरा का व्हावा, ते मला कळेना. मी उठले. ती बाई बसली, पिशवीत हात घालून तिनं सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक हिरवीगार जुडी काढली आणि मागं वळून माझ्या मांडीवर ठेवली. "घ्या. रागानं नका जाऊ. दिवस सारा पडला हाय."

त्या गयाबाई. तेल्हाऱ्याच्या अलीकडच्या एका गावात त्यांचा दीड एकराचा मळा होता. वांगी, मेथी, सांबार, बांधाला झेंडू. जातीनं माळी. नवरा लवकर गेलेला. मळा त्या एकट्याच करायच्या आणि माल अकोल्याच्या बाजारात आणायच्या. सहलीच्या रविवारी पहिल्या एस.टी.नं यायच्या. आमच्या गटात सगळे निवृत्त कारकून, शिक्षक, एक-दोन डॉक्टर, वकील. त्यांच्यात ही अडाणी बाई कशी, हा प्रश्न प्रत्येक नव्या माणसाला पडायचा. जुन्यांनी तो विचारणं सोडून दिलं होतं. "सरांची नात्यातली असावी," असं कुणीतरी मला सांगितलं. मीही तेच धरून चालले.

त्या पहिल्या सहलीत आम्ही बाळापूरला गेलो. नदीकाठची ती काळ्या दगडाची छत्री पाहून किल्ल्यात आलो. सर बोलत होते. बुरूज, दरवाजे, कोणी बांधलं, कोणी पुरं केलं. सर फार सुंदर बोलायचे. हातवारे न करता, खाली बघत. त्यांचं झाल्यावर लोकांनी फोटो काढायला सुरुवात केली, आणि गयाबाईंनी विचारलं, "सर, बांधणाऱ्याचं नाव सांगतलं तुमी. इथी झाडत कोन होतं?"

लोक पुन्हा हसले. सर हसले नाहीत. त्यांनी खिशातून वही काढली आणि प्रश्न लिहून घेतला.

मला आधी ही थट्टा वाटली. पण पुढच्या महिन्यात बस निघायच्या आधी सर त्यांच्या सीटजवळ वाकून उभे राहिले आणि म्हणाले, "गयाताई, झाडणाऱ्याचं कुठं सापडलं नाही. दोन पुस्तकं पाहिली." गृहपाठ न झालेल्या मुलानं बाईंसमोर उभं राहावं तसे ते उभे होते. गयाबाई म्हणाल्या, "आनखी पाहा."

असं दर महिन्याला, वर्षानुवर्षं. त्या दिवाणखान्याकडं, नक्षीकडं बघायच्याच नाहीत. थेट मागच्या बाजूला जायच्या. चूल कुठं होती, धूर कुठून जायचा, पाणी कोण भरायचं, बाळंतीण कोणत्या खोलीत असायची. भिंतीला तळहात लावून उभ्या राहायच्या. अचलपूरला हौज कटोऱ्याच्या, मधोमध मनोरा असलेल्या कोरड्या तलावात उतरून त्यांनी पावलांनी तो मोजला, वर आल्या आणि म्हणाल्या, "ह्याच्यात पानी असतं तं आमचं अख्खं गाव उन्हाळभर भाजी पिकवत राहिलं असतं. राजानं काय केलं, मधात बसून हवा खाल्ली."

आमच्यातले राऊत साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ते चिडले. "बाई, हे वास्तुवैभव आहे. तुम्हाला त्यातलं काय कळणार?"

"तुमाले कळलं ना? मंग मले समजावून सांगा." असं म्हणून त्या खरोखरच त्यांच्यासमोर मांडी घालून बसल्या. साहेबांना दोन-तीन वाक्यांपलीकडं जाता आलं नाही. त्या दिवसानंतर ते त्यांच्यापासून जरा लांबच बसायचे.

आणि एकदा चांदूर बाजारच्या वाटेवर एका जमीनदाराची कोठी बघायला गेलो होतो. सरांनी फोनवर परवानगी घेतलेली, पण धनी बाहेरगावी गेले होते आणि त्यांच्या सूनबाई फाटकाशी येऊन म्हणाल्या, आज जमणार नाही, घरात पाहुणे आहेत. पस्तीस माणसं उन्हात उभी. सर हात जोडून परत फिरायला लागले. गयाबाई फाटकाच्या गजांतून आत बघत होत्या. "ओ बाई, थो मोगरा मरून राहिला तुमचा," त्या म्हणाल्या. "बुडात पानी साचते. कोन लावला थो?" सूनबाई म्हणाल्या, सासूबाईंनी लावलेला आहे, चार माळी करून झाले, फुलतच नाही. "फाटक उघडा," गयाबाई म्हणाल्या. त्यांनी लुगड्याचा कासोटा घट्ट केला, खुरपं मागितलं आणि मोगऱ्याभोवतीची माती ओढून काढली, काळ्या पडलेल्या फांद्या छाटल्या. अर्धा तास. तोवर आम्हा सगळ्यांना ओसरीवर बसवून पाणी आलं, कच्चा चिवडा आला, आणि शेवटी सूनबाईंनी स्वतः आम्हाला ती कोठी माडीपर्यंत हिंडून दाखवली. गयाबाई मात्र माडीवर आल्या नाहीत. जिन्याच्या तळाशी उभ्या राहिल्या आणि प्रत्येकाला वर जाताना म्हणाल्या, "भिंतीकून चाला. कठड्याले टेकू नका."

आमच्यातल्या कुणालाही त्यात काही वेगळं वाटलं नाही. म्हातारं माणूस सांगतंच असं.

पुढं जे झालं त्याला मी कारणीभूत आहे. ते लपवून गयाबाईंविषयी लिहिता येणार नाही.

कुणीतरी मला मोबाईलवर एक जुना फोटो पाठवला. सातपुड्याच्या पायथ्याशी, तेल्हाऱ्याच्या पलीकडं, एका मालदाराचा पांढरा बंगला. सागवानी खांब, दुमजली, पुढं लांब सज्जा. मी तो आमच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला आणि लिहिलं, पुढच्या महिन्यात इथे जाऊ या. सरांनी उत्तर दिलं नाही. मी फोन केला तर म्हणाले, "तिथं बघण्यासारखं काही उरलं नाही, मॅडम." मला वाटलं, म्हातारपणाचा कंटाळा. मी पुन्हा गटावर लिहिलं, मतं मागवली. वीस-बावीस जणांनी होकाराचे अंगठे टाकले. सरांनी शेवटी एकच ओळ लिहिली : गयाताईंना विचारून सांगतो. मला त्याचा रागच आला. एका भाजीवालीच्या होकारावर आमची सहल अडावी? दोन दिवसांनी सरांचा निरोप आला. त्या चला म्हणाल्या.

 त्या रविवारी बंगल्यापाशी उतरल्यावर सरांनी माहिती सांगितली नाही. बसच्या सावलीत दगडावर बसून राहिले. आम्ही आपापले हिंडू लागलो. बंगला रिकामा होता. अंगणात गवत वाढलेलं. सज्ज्याचा डावीकडचा भाग नव्हताच, नुसत्या तुळया बाहेर आलेल्या.

राऊत साहेब त्या तुळयांकडं बोट दाखवून सांगायला लागले. वीसेक वर्षांपूर्वी त्यांची नोकरी याच भागात होती. "हा सज्जा एकाएकी कोसळला होता. शाळेची सहल आली होती म्हणे. मास्तरानं पोरांना वर पाठवलं, डोंगर बघा म्हणून. एक पोरगी गेली त्यात. लाल फ्रॉकमधली. फार बोभाटा झाला होता तेव्हा."

"लाल नाही," मागून आवाज आला. "निळा. शाळेचा होता थो. त्याची वरची शिलाई उसवली होती, मी आदल्या दिवशी घालून देल्ली."

आम्ही वळलो. गयाबाई दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा रोजचाच होता.

"माही पोरगी होती. वैशाली. नववीत होती." मग त्यांनी हनुवटीनं बसकडं खूण केली. "आन् मास्तर थे तिथी बसले हायत."

मी बँकेत बत्तीस वर्षं काढली. दरोडा पाहिला, मॅनेजर टेबलावर कोसळून मेलेला पाहिला. पण त्या अंगणात ऐकलं तसं काही कधी ऐकलं नव्हतं.  राऊत साहेबांचं बोट अजून वरच होतं, ते खाली घ्यायचं त्यांना सुचेना. आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घणासारखी आदळत होती : हे मी केलं. मी मतं मागवली. मी या बाईला इथं आणलं.

गयाबाई त्या तुळयांखाली गेल्या. तिथलं थोडं गवत त्यांनी हातानं उपटलं, बाजूला टाकलं, हात झटकले. म्हणाल्या, "पायलं ना सारं? चाला मंग. ऊन वाढून राहिलं."

परतताना सर सगळ्यात मागच्या सीटवर बसले. गयाबाईंनी मला खुणेनं आपल्या शेजारी बोलावलं. मी रडत होते. माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानं थांबवलं.

"तुमाले मालूम नव्हतं. मालूम नसलेल्याची काय माफी?"

मग त्यांनी सांगितलं, समोरच्या रस्त्याकडं बघत, बाजारात भाव सांगावा तशा आवाजात. वैशाली आठ दिवस मागं लागली होती. सहलीले जाऊ दे, आई. गयाबाई नाही म्हणत होत्या. वांग्यांची तोडणी होती, हाताखाली कुणी नव्हतं. शेवटी शाळेच्या कागदावर त्यांनी अंगठा उठवला. दुपारी मळ्यात निरोप आला. इंगळे सर तेव्हा त्या शाळेत इतिहास शिकवत. तिसऱ्या दिवशी ते त्यांच्या दारात येऊन उभे राहिले. "मी त्याहिले सगळ्या गावासमोर थोबाडीत हाणली. एक नाही, लय हाणल्या. त्याहिनं हात वर नाही केला. चष्मा पडला, थो बी नाही उचलला."

चौकशी झाली, सर सुटले. पण शाळेनं सहली बंद केल्या त्या कायमच्या. सरांनीही वर्गाबाहेर पाऊल टाकणं सोडलं. दोन वर्षं गेली. मग एक दिवस गयाबाई त्यांच्या घरी गेल्या.

"काहून गेल्या?" मी विचारलं. माझ्या तोंडून माहेरची बोली कधी निघाली ते मलाच कळलं नाही.

"मले पाहाचं होतं, तिनं काय पायलं. मी म्हनलं, सर, मले थो बंगला दाखवा. त्याहिनं दाखवला. एस.टी.नं गेलो, संग त्याहिची बायको होती. त्या दिवशी तिले जे सांगतलं होतं, थेच मले सांगतलं, शब्दाले शब्द. मंग मी म्हनलं, पोरायले पुढच्या साली कुठी नेलं असतं? त्याहिनं नरनाळ्याच्या किल्ल्याचं नाव घेतलं. मी म्हनलं, मले न्या. त्याच्या पुढच्या साली? गाविलगड. तिथी बी न्या."

त्या तिघांबरोबर मग शेजारचं एक कुटुंब गेलं. मग सरांचे दोन मित्र. मग मिनी बस. आमचे थर्मास, आमचे एकत्र फोटो, खिडकीच्या सीटवरून केलेली भांडणं, सगळं त्यावर उभं होतं, आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

"तुम्ही त्यांना माफ केलंत?" मी विचारलं.

"नाही जमलं." त्या लगेच म्हणाल्या. "लय लोकायनं सांगतलं, करा म्हणून. नाही होत. पन आंगठा म्या देल्ला ना? थे बी कुठी जात नाही. आता त्याहिले पायलं की मले बरं वाटते आन् वाईट वाटते. दोन्ही."

 अकोला आल्यावर उतरताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात खडबडीत होता, मातीचा वास येत होता.

 आठवडाभरानं राऊत साहेबांनी गटावर लिहिलं, की आम्हाला इतकी वर्षं अंधारात ठेवलं गेलं; ज्याच्या हलगर्जीनं एक मूल दगावलं त्या माणसाच्या भरवशावर आम्ही नातवंडं नेत होतो; सरांनी आता बाजूला व्हावं. पाच-सहा जणांनी दुजोरा दिला. सरांनी लिहिलं, मान्य आहे. तरी एकदा समोरासमोर बोलावं म्हणून एका डॉक्टरांच्या गच्चीवर बैठक ठरली. सर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते, यादीची फाईल मांडीवर, परत करायला आणलेली. राऊत साहेब बोलत असताना गयाबाई आल्या. बाजारातून तशाच. टोपली जिन्याशी ठेवून त्या गच्चीच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"काय ठरलं?"

साहेबांनी सांगितलं. शांतपणे, नीट सांगितलं. ते चुकीचं बोलत नव्हते, हे आजही मला वाटतं.

गयाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "साहेब, तुमची नात हाय, तुमाले भेव वाटते, बराबर हाय. तुमी नका येऊ. पन त्याहिले काढाचं का ठेवाचं, थे तुमचं काम नोहे. ह्या मानसाले बोलाचा हक माहा हाय. म्या वीस वर्सं कोनाले देल्ला नाही. आज तुमाले काहून देऊ?"

 सरांनी चेहरा दोन्ही हातांत लपवला आणि त्यांचे खांदे हलू लागले. वर्षानुवर्षांच्या ओळखीत मी त्यांना प्रथमच रडताना बघत होते. गयाबाई त्यांच्याजवळ गेल्या नाहीत. टोपली उचलली आणि जिना उतरून गेल्या.

अकरा जण गट सोडून गेले. बाकीच्यांना घेऊन सर पुढच्या महिन्यात निघाले, आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर गयाबाई होत्याच.

आता त्या नाहीत. मागच्या उन्हाळ्यात मळ्यात पाटाला पाणी सोडताना बसल्या त्या उठल्याच नाहीत. पण मला त्या आठवतात त्या त्याच्या तीन-चार महिने आधीच्या, थंडीतल्या, गावातल्या वैशालीच्याच शाळेसमोरच्या.

शाळेला नव्या मुख्याध्यापिका आल्या होत्या. गयाबाई सलग महिनाभर त्यांच्या कचेरीत जाऊन बसल्या होत्या : पोरायले सहलीले न्या. मुख्याध्यापिकांना जुनी गोष्ट माहीत होती. त्यांना ही मागणी ऐकून काय वाटलं असेल, त्या बाईच जाणोत. गावात आईबाप तयार नव्हते. गयाबाई घरोघर हिंडल्या. चाळीसपैकी एकोणीस मुलं निघाली. नरनाळा ठरला. सर आणि मी आदल्या रविवारी जाऊन प्रत्येक पायरी, प्रत्येक टाकं पाहून आलो. कुठं जायचं नाही त्याची यादी सरांनी मोठ्या अक्षरांत केली. सहलीच्या दिवशी मी त्यांना गाडीतून घेऊन गेले. तेही मुलांबरोबर जाणार होते.

शाळेच्या फाटकाशी बस उभी होती. मुलं चढत होती. सर बसच्या दारापर्यंत गेले, दांडीला हात लावला आणि तिथंच थांबले.  "मला नाही जमणार, गयाताई," ते म्हणाले.

गयाबाईंनी त्यांच्या हातातली यादी घेतली आणि ती मुख्याध्यापिकांकडं दिली. "मॅडम, ह्याहिले घरी न्या," त्या मला म्हणाल्या. "चहा पाजा. मी जातो पोरायसंग."

तेवढ्यात एक तरुण बाई लगबगीनं आली. तिच्याबरोबर दोन वेण्या घातलेली, चौथी-पाचवीतली मुलगी. बाईनं मुलीला बसकडं सोडलं, पण तिचा हात सुटेना. ती गयाबाईंना म्हणाली, "मावशी, एकुलती एक हाय. तुमी हाय म्हणून धाडून राहिलो. परत आणसान ना?"

 कुणीही माणूस हो म्हणाला असता.

गयाबाईंनी त्या बाईकडं पाहिलं. "थे म्या कसं सांगू?" त्या म्हणाल्या. "तुह्या मनाले पटत नसन तं नेय वापस. कोनी काही म्हननार नाही."

ती बाई घुटमळली. मुलगी आईच्या तोंडाकडं बघत होती, हू की चू न करता. मग त्या बाईनं मुलीचा हात उचलून गयाबाईंच्या हातात दिला.

गयाबाईंनी तो धरला. दोघी बसमध्ये चढल्या. दार लागलं, बस वळली, आणि मागच्या काचेतून शेवटचं दिसलं ते इतकंच, की सीटा मोकळ्या असूनही गयाबाई मधल्या वाटेत उभ्या होत्या. एक हात वरच्या दांडीला, दुसऱ्यात त्या पोरीचा हात.